पाठमोरी सीट

"गाडी पास आहे, मगदूम सर," नाझनीन शिकलगार म्हणाल्या. "मॅडमची सीट तेवढी नापास आहे."

श्रेणिक मगदूम त्यांच्याकडे बघतच राहिला. ब्रेकवर बोट ठेवतील, स्टिअरिंगमधला खुळखुळाट काढतील, अशी त्याची तयारी होती. सीटची काळजी त्याला नव्हती. दोन्ही सीटा त्यानं सांगाड्याच्या नळ्यांना जाड पोलादी पट्ट्या जोडून बसवल्या होत्या, नुसत्या तळाच्या पत्र्याला भोकं पाडून नव्हे.

"काय कमी पडलं? बोल्ट?"

"बोल्ट चांगले आहेत. पट्टेही चांगले. नापास या..." शिकलगार अडखळल्या. मान्यता केंद्रात त्या तपासणी अधिकारी होत्या आणि वाईट बातमी सरळ सांगायची त्यांची पद्धत होती, पण समोर ते माणूसच बसलेलं होतं. "म्हणजे, त्यांच्या हाडांना ही सीट झेपत नाही."

"नापास मीच म्हणा," श्रेणिकची बायको त्रिशला म्हणाली. "मला आता सवय झालीय."

ती हसली. श्रेणिक हसला नाही.

त्रिशला वनस्पतिशास्त्रज्ञ. गारगोटीच्या पलीकडे भिवजाईचा सडा म्हणून जांभ्या दगडाचं एक उघडं पठार आहे. तिथल्या कंदीलपुष्पांवर तिनं उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. पुढं फुफ्फुसांचा आजार झाला. स्टेरॉइड्सनी फुफ्फुसं वाचवली, पण हाडं पोखरली. तिला चालताना-बोलताना बघून कुणाला काही कळलं नसतं. ती बाजारात जायची, जिने चढायची, भांडायची. पण तिच्या बरगड्या आतून पापडासारख्या झाल्या होत्या, आणि ही गोष्ट तिच्या डॉक्टरांच्या खालोखाल रस्त्यावरच्या गाड्यांना माहीत होती.

प्रतिदेह आल्यापासून हे असं झालं होतं. पूर्वी गाडीची सुरक्षा तपासायला पुतळे वापरत. एक ठरावीक पुरुष, एक ठरावीक बाई, एक मूल. पुतळ्याला लागलं नाही की गाडी पास. पण कुठलाच माणूस ठरावीक नसतो. मग संगणकातच माणूस उभा करायचं तंत्र निघालं. अंगाचं स्कॅन घ्यायचं, हाडांची घनता, मणक्यांची झीज, स्नायूंची जाडी मोजायची, आणि त्या सगळ्यातून त्याच माणसाचं लाखो बारीक तुकड्यांचं शरीर रचायचं. प्रत्येक तुकडा किती ताणला की तुटतो, हे गणिताला ठाऊक. हा झाला प्रतिदेह. त्याला गाडीत बसवून ती भिंतीवर आदळवायची आणि कुठं काय मोडतं ते बघायचं. खऱ्या माणसाला ओरखडाही येत नाही.

या तंत्रानं पुष्कळ जीव वाचले, हे खरं आहे. पण त्याच्या पाठोपाठ विम्याचे नियम आले. आपोआप चालणाऱ्या भाड्याच्या गाड्या दारातच प्रवासी ओळखू लागल्या. ज्याचा प्रतिदेह त्यांच्या सीटवर टिकत नाही, त्याला घेऊन त्या शहराबाहेर पडत नसत. गेल्या वर्षी त्रिशला सड्यावर जायला म्हणून गाडीत बसली, तेव्हा गाडीनं गोड आवाजात सांगितलं होतं, "आपल्या सुरक्षिततेसाठी ही फेरी शहराच्या हद्दीपुरती मर्यादित आहे." तिनं खांद्यावरची पिशवी सावरली, खाली उतरली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. बसचंही तेच. हातानं चालवायच्या जुन्या गाड्या तर रस्त्यावरून कधीच हटवल्या होत्या.

एकच वाट उरली होती. घरी बांधलेल्या गाडीला कायद्यात वेगळं कलम होतं. तिथं सीट सरसकट मंजूर होत नसे, ज्याच्यासाठी बांधली त्याच्या नावानं मंजूर होई. हे कळल्यावर श्रेणिकनं घरामागची शेड रिकामी केली. दूध संघाच्या प्लांटवर देखभालीचा इंजिनिअर म्हणून त्याचा जन्म वेल्डिंगच्या ठिणग्यांत गेला होता. एका मोडीत निघालेल्या टपालगाडीची मोटर त्यानं आणली, सांगाडा स्वतः जोडला, आणि पुढं शेजारी-शेजारी दोन सीटा बसवल्या.

"मी चालवीन आणि तू शेजारी बसून बडबड कर," तो तेव्हा म्हणाला होता.

*

शिकलगारांनी त्याला नापास होण्याचं कारण समजावून सांगितलं. ताशी पन्नास किलोमीटरनं जाणारी गाडी भिंतीवर आदळून थांबते, तेव्हा आतला माणूस मात्र पन्नासनंच पुढं निघालेला असतो. त्याला थांबवायचं काम पट्ट्यांचं. त्या निमिषात त्रिशलाच्या हलक्या अंगाचा भार हजार किलोंच्या वर जातो आणि तो सगळा चार बोटं रुंदीच्या पट्ट्यांवर येतो. पट्टे कमरेच्या हाडावर आणि गळपट्टीच्या हाडावर टेकलेले असतात. धडधाकट माणसाला खरचटतं, फार तर एखादी बरगडी जाते.

"आणि हिला?"

"तुम्हीच बघा. प्रतिदेह तुम्हाला घरी वापरायला देतो. रचना बदला, बसवून बघा. टिकला की परत या."

श्रेणिक तसा हार मानणारा नव्हता. शेडमध्ये त्यानं पडदा लावला. पहिल्यांदा पडद्यावर सीटमध्ये बसलेली ती करडी, आरपार आकृती दिसली तेव्हा त्याला गंमत वाटली होती. त्रिशलाचा उजवा खांदा किंचित उतरलेला होता, आकृतीचाही तसाच होता. मान थोडी डावीकडं कललेली. तोंडाच्या जागी नुसता गुळगुळीत उंचवटा, तरी कुणीही ओळखलं असतं. त्यानं बटण दाबलं. आकृती पुढं झेपावली, पट्ट्यांनी तिला धरलं, आणि छातीवर एकेक बरगडी लाल होत गेली.

त्यानं खांद्याच्या पट्ट्याची मागची खुंटी वर घेतली. खुंटी खांद्याच्या खाली असली की पट्टा माणसाला मागं ओढता ओढता खालीही दाबतो आणि मणके चेपतात. वर घेतल्यावर मणके वाचले, बरगड्या गेल्या. त्यानं पट्टे रुंद केले. बरगड्या थोड्या कमी गेल्या, गळपट्टीचं हाड मोडलं. मांड्यांच्या मधून येणारा पाचवा पट्टा लावला, म्हणजे अंग खाली घसरून कमरेचा पट्टा पोटात रुतू नये. पोट वाचलं. ताणाला थोडी ढील देणारी शिवण घातली. डोकं पुढं जास्त गेलं आणि मान गेली.

कामावरून आला की तो शेडमध्ये जाई. रविवार तिथंच जाई. करडी आकृती सीटमध्ये बसे, झेपावे, लाल होई. दरवेळी कुठंतरी दुसरीकडं.

आणि हळूहळू तो घरातही बदलला. आधी त्यानं जिन्याला दुसऱ्या बाजूनं कठडा लावला. मग त्रिशलाची सायकल शेजाऱ्यांना वापरायला दिली. शेजारच्या घरातली छोटी अन्वी पळत येऊन तिच्या कमरेला मिठी मारायची, एकदा तो मध्येच "हळू, हळू!" म्हणून असा ओरडला की पोर रडायलाच लागली. पिठाचा डबा तिनं खालून काढायला घेतला की तो धावत यायचा. बाजेवर तो अगदी कडेला झोपायला लागला. झोपेत चुकून हात तिच्या अंगावर पडेल म्हणून.

"तुला माझी किळस येते का?" तिनं एकदा चहा गाळता गाळता विचारलं.

"काय बोलतेस?"

"मग शिवत का नाहीस?"

त्याला सांगता आलं नाही, की तिचा खांदा दिसला की त्याच्या डोळ्यांपुढं तो किती भाराला मोडतो तो आकडा येतो.

*

पावसाळा सरत आला. सड्यावर आता फुलं आली असतील, असं त्रिशला रोज म्हणायची. विद्यापीठातले तिचे जुने सहकारी ड्रोननं काढलेले फोटो पाठवत. ती ते मोठे करून बघायची आणि बाजूला ठेवायची. "चांगले आहेत," ती म्हणायची. "पण हे वरनं बघणं झालं. मी तिथं पालथी पडून बघत होते."

एका रविवारी दुपारी ती शेडमध्ये आली. तिकडं ती सहसा जात नसे. श्रेणिक पाना घेऊन गाडीत वाकलेला होता. डावीकडची सीट काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. पट्टे तिच्यावर नीट गुंडाळून ठेवले होते.

"हे काय?"

श्रेणिक सरळ झाला. "एकाच सीटची मान्यता मागतोय."

"एकाच? कुणाच्या?"

"त्रिशला, ऐक. मी जाईन सड्यावर. तू सांगशील तिथं जाऊन बघून येईन. कॅमेरा लावू, तू घरी बसून मला सांग, इकडं वळ, तिकडं वळ..."

"म्हणजे तू माझा ड्रोन होणार."

त्याच्या मागं पडदा चालूच होता. करडी आकृती सीटमध्ये बसलेली होती. त्रिशलानं जवळ जाऊन बघितलं. आपलाच उतरलेला खांदा तिला ओळखू आला. श्रेणिक पडदा बंद करायला पुढं झाला, पण तोवर तिनं बटण दाबलं होतं.

आकृती झेपावली. लाल झाली. मान लटकली. चित्र थांबलं, आणि आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"हे बघत असतोस तू इथं?"

"दुसरा उपाय नव्हता. काहीतरी जमेल म्हणून..."

"किती वेळा बघितलंस?"

"मोजलं नाही."

त्रिशला बराच वेळ त्या पडद्यापुढं उभी राहिली. मग स्टुलावर बसली. तिचा आवाज चढला नाही. "श्रेणिक, इतक्या वेळा तू मला मरताना बघितलंयस, की मी जिवंत आहे हे तू विसरलास. मी घरात हिंडते तेव्हा तुला बायको दिसत नाही. कुठनं तडकेल ते दिसतं."

"मग काय करू? डोळे मिटून तुला गाडीत बसवू? हे खरं आहे, त्रिशला. हे गणित आहे."

"गणित खोटं आहे असं मी कुठं म्हटलं?"

"आदळलं तर तू राहणार नाहीस. आणि चालवणारा मी असेन!"

तो ओरडला आणि त्याचा त्यालाच धक्का बसला. पाना त्याच्या हातातून सुटून फरशीवर पडला. त्रिशला उठली. तिनं त्याचा काळा, तेलकट हात धरून स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि वरून आपल्या हातानं दाबला.

"मोडला?"

तो रडायला लागला.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "त्या शिकलगार मॅडमना विचारू या. सगळे उपाय संपले का, ते त्या सांगतील. तू नाही."

*

शिकलगारांनी त्याच्या सगळ्या रचना चाळल्या. काहींच्यापाशी त्या थांबल्या, मान हलवली. शेवटी म्हणाल्या, "सर, एक तुम्ही करूनच बघितलेली नाही. आणि तुम्हाला ती सुचली नसेल, असं मला वाटत नाही."

श्रेणिक खाली बघत राहिला.

"कुठली?" त्रिशलानं विचारलं.

"तान्ह्या बाळाला गाडीत कसं बसवतात?"

"उलटं. मागं तोंड करून."

"का, ते सांगते. बाळाची मान नाजूक. समोरून धडक बसली की पट्टा जे चार बोटांत झेलतो, ते पाठमोऱ्या सीटमध्ये अख्खी पाठ झेलते. डोक्यापासून कमरेपर्यंत सगळा भार पसरतो. भार तेवढाच, पण एका जागी साठत नाही. मॅडमच्या पाठीचा साचा घेऊन सीट त्या मापाची केली, डोकं दोन्ही बाजूंनी धरलं, तर माझा अंदाज आहे, टिकेल."

त्रिशला नवऱ्याकडं वळली. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"तसं बसवायला पुढं जागा पुरत नाही, म्हणजे तू मागं. माझ्या पाठीला पाठ. तू दिसणार नाहीस मला. मी ही गाडी तू शेजारी बसावीस म्हणून बांधली होती."

"आणि मी ती सड्यावर जायला बांधून घेतली होती," त्रिशला म्हणाली. बोलताना तिचा सूर नरम होता, पण तिनं वाक्य परत घेतलं नाही.

शिकलगार समोरचे कागद सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मॅडमना सांगणं माझं काम आहे. मागून कुणी धडकलं, तर याच सीटमध्ये तुम्ही पट्ट्यांवर याल. मागच्या धडका बहुतेक कमी जोराच्या असतात, त्यामुळं कायद्याच्या परीक्षेत सीट पास होईल. पण भरधाव ट्रक आला, तर नाही. ते चित्र तुम्हाला बघावं लागेल, आणि बघितल्यावर होय म्हणावं लागेल."

"मागून येणारं मला निदान दिसेल तरी," त्रिशला म्हणाली.

*

श्रेणिकनं पुन्हा पाना उचलला. त्रिशला आता रोज शेडमध्ये बसू लागली. तिच्या पाठीचा साचा दोघांनी मिळून घेतला. ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या तिच्या उघड्या पाठीवर तो सुरुवातीला नुसत्या टेकवत होता. "दाब की नीट," ती म्हणाली, "नाहीतर दुसऱ्याच कुणाची पाठ येईल." ती हसायला लागली आणि साचा हलला, तो परत घ्यावा लागला.

सीट तयार झाली. मागच्या काचेकडं तोंड, पाठ ताठ, डोक्याला दोन्हीकडून आधार. पाचही पट्टे एकाच बकलात, आणि बकल एका हातानं एका झटक्यात सुटणारं. प्रतिदेह तिच्यात बसवला. गाडी आदळली. आकृती सीटमध्ये मागं रुतली आणि करडीच राहिली. एक बरगडी पिवळी झाली, लाल झाली नाही. श्रेणिकनं ते पुन्हा लावलं नाही. पडदा उतरवून त्यानं खोक्यात भरला.

तपासणीच्या दिवशी शिकलगारांनी पट्ट्यांच्या प्रत्येक खुंटीला यंत्राचा हूक अडकवून ओढून बघितलं. सांगाडा कण्हला, खुंटी हलली नाही. मग त्यांनी त्रिशलाला सीटमध्ये बसवलं, पट्टे आवळले, बकल सोडायला लावलं. सगळं झाल्यावर त्या आत वाकल्या आणि छताकडं बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

छताला, मागच्या सीटच्या समोर, श्रेणिकनं एक लहानसा आरसा बसवला होता. चालवणाऱ्यानं पुढच्या आरशात बघितलं की त्यात त्रिशलाचा चेहरा दिसेल असा.

"आरसा आहे," तो म्हणाला. "ती ठीक आहे ना, ते दिसावं म्हणून."

"डोकं जिथवर जाऊ शकतं, तिथं टणक वस्तू चालत नाही. काढावा लागेल."

"रबर लावतो त्याला."

"सर, काढावा लागेल."

त्यानं त्रिशलाकडं बघितलं. ती त्याच्या मदतीला आली नाही. त्यानं आरशाचे स्क्रू काढले आणि आरसा खिशात टाकला.

मागून ट्रक धडकल्याचं चित्र त्रिशलानं शिकलगारांच्या खोलीत बसून पूर्ण बघितलं. श्रेणिकला तिनं बाहेर थांबायला सांगितलं होतं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "चहा घेऊ या," एवढंच ती म्हणाली. चहा घेतल्यावर आत जाऊन तिनं होय म्हटलं.

गाडीला ताशी साठ किलोमीटर वेगापर्यंत मान्यता मिळाली. मागच्या सीटवर त्रिशला श्रेणिक मगदूम हे एकच नाव मंजूर झालं.

*

ते सकाळी निघाले. शहर मागं पडलं. दोन्हीकडं ऊस, मध्ये ओला रस्ता. भाड्याच्या आपोआप चालणाऱ्या गाड्या आवाज न करता त्यांना ओलांडून जात होत्या, आणि आतले लोक या ओबडधोबड गाडीकडं वळून बघत होते.

"त्यांनी मला हात केला," त्रिशला मागून म्हणाली. "तुला मागनं येणारे लोक कधी दिसलेच नाहीत रे. सगळ्यांचे चेहरे दिसतायत मला."

"ठीक आहेस ना?"

"आहे."

गारगोटीपर्यंत ती बोलत होती. गेलेला रस्ता कसा दिसतो ते सांगत होती. झाडं अचानक बाजूनं येतात आणि मग लहान लहान होत जातात, म्हणाली. श्रेणिक दर वळणाला विचारत होता, ठीक आहेस ना. ती आहे म्हणत होती. चढ लागला. रस्ता अरुंद झाला, दरीकडून धुकं वर येऊ लागलं.

"ठीक आहेस ना?"

उत्तर आलं नाही.

"त्रिशला?"

मोटरची घरघर तेवढी येत होती. त्यानं गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, उतरून धावत मागच्या दाराशी गेला.

त्रिशला झोपली होती. तिच्या पाठीच्या मापाच्या त्या खोबणीत ती पूर्ण सामावली होती, डोकं एका बाजूच्या आधारावर टेकलेलं, तोंड किंचित उघडं. श्वासाबरोबर छातीवरचे पट्टे वर-खाली होत होते. श्रेणिकनं पट्ट्यांचा ताण बघायला हात पुढं केला, आणि तो तसाच मागं घेतला. धुक्यात भिजत तो तिथं उभा राहिला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याकडं बघताना त्याच्या मनात एकही आकडा आला नाही.

पुढं येऊन त्यानं दार हलकेच ओढलं, पण घरी बनवलेलं ते दार आपटल्याशिवाय लागत नसे.

"पोचलो?" मागून झोपाळू आवाज आला.

"नाही अजून."

"मग थांबलास का?"

खोटं सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. "तुझा आवाज आला नाही."

पट्ट्यांत तिनं अंग सैल केल्याचा बारीक आवाज झाला.

"आता वरपर्यंत आवाज येणार नाही," ती म्हणाली. "मी झोपतेय. तू चालव."

श्रेणिकनं ब्रेक सोडला. धुकं दाट होत गेलं, वळणामागून वळण आलं. सड्यावर पोचेपर्यंत त्यानं तिला एकदाही हाक मारली नाही.